हाताला लागतील अशी झाडं

१४ मे १९५८

कुदळीचा दांडा मोडला. अंगणात वीतभर माती, खाली सगळा मुरूम. घाव घातला की खांद्यापर्यंत झिणझिण्या. तरी एक खड्डा गुडघ्याएवढा झाला. सुखी दारात उभी राहून पाहत होती. "सुट्टीत मास्तर लोक झोपा काढते म्हनते," एवढं बोलून आत गेली. माझी बायको फार बोलत नाही. पण बोलली की दिवसभर कानात राहतं.

खड्डा कशासाठी ते तिला सांगितलेलं नाही. झाड लावायचं आहे. कोणतं — ते मलाच माहीत नाही.

काल तांड्यातली पोरं रानातून चारं घेऊन आली. काळीभोर, पिकलेली. बी फोडलं की चारोळी निघते ती फळं. पळसाच्या पानांचे द्रोण भरून आणली होती. माझी रुपी ओट्यावर बसलेली. आता आठ वर्षांची झाली. तिसऱ्या वर्षी तापात दोन्ही पाय गेले, तेव्हापासून ती ओट्यावर, नाहीतर हातांवर सरकत अंगणात. शेजारच्या फुलसिंगच्या पोरीनं तिला मूठभर चारं दिली. रुपीनं घेतली. पोरं गेल्यावर सगळी माझ्या ओंजळीत टाकली.

"काहून? गोड आहेत ना."

"बा, कोनी देल्लं का खावंच लागते का? मले तोडून खायाचं आहे."

आज सकाळी उठलो आणि कुदळ घेतली.

१५ मे

रुपीला भिंतीला टेकून बसवलं. हात वर कर म्हटलं. बोटं जिथं पोचली तिथं कोळशानं रेघ मारली.

"कायले?"

"झाडं एवढ्यातच पायजेत. तुझ्या हाताले लागतील अशी."

तिनं मान वळवून रेघ पाहिली. "मी वाढीन ना पन," म्हणाली.

१६ मे

दोन खड्डे झाले. तिसरा खणला आणि बुजवला. भिंतीच्या फार जवळ होता. मग वाटलं, बरा होता. पुन्हा उकरला.

१९ मे

डोक्यात दुसरं काहीच नाही. जेवताना झाडं, दाढी करताना झाडं. आंबा, जांभूळ, चिंच — सगळे उंच जाणारे. ही झाडं आजानं लावायची, नातवानं खायची. माझ्या पोरीला ती फक्त सावली देतील आणि वरून खिजवतील. बोर बुटकी ठेवता येते, पण काटे. करवंद — काटे. लिंबू तर विचारूच नये. माणसं काट्याला भितात ते पायामुळे. पाय काय, वहाणेत घालता येतो. रुपीचे तळहात तिचे पाय आहेत. गळून पडलेला लिंबाचा एक वाळका काटा मातीत उभा राहिला की झालं.

बिनकाट्याचं पाहिजे. खालून फांद्या फुटणारं पाहिजे. उन्हाळ्यात आमची विहीर आटते, तेव्हा तहान सोसणारं पाहिजे. आणि लवकर फळ देणारं. दहा वर्षं थांब म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?

२२ मे

दारव्ह्याचा बाजार. नेरचे मारोतराव भेटले. मी नेरच्या शाळेत होतो तेव्हा त्यांचा धाकटा माझ्या वर्गात होता. मोठे कास्तकार, मळ्यात विहीर, हौसेनं बाग केलेली. विचारलं.

"लिंबू लावा, गुरुजी. लिंबाले काई होत नाई. बुटकं राह्यते, पानी कमी, बारा महिने फळ."

"काटे असतात, मारोतराव."

"काट्याले भेऊन कुठं बाग होते का?"

मग सांगावं लागलं. मी कोणाला सांगत नाही सहसा. लोक एकदम मवाळ होतात, तेच मला सोसत नाही. मारोतराव मवाळ झाले नाहीत. हॉटेलात बसवलं, चहा सांगितला, आणि बशीत ओतून फुंकत बराच वेळ विचार करत राहिले. बी पेरायच्या वेळी माणूस आभाळाकडे पाहतो तसे.

"जांब," म्हणाले शेवटी. पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात तो. "बियाचा नका लावू. गुटीच्या कलमाचा लावा, माह्याकडून न्या. बुडापासून फांद्या फुटते. शेंडा खुडत राह्यलं का वर जात नाई, आडवा पसरते. साल गुळगुळीत. पोरीच्या हाताले काई टोचनार नाई."

मग आणखी म्हणाले, "अन् कुंपनाले सीताफळ. त्याले बकरी तोंड लावत नाई."

परत येताना वाट कधी सरली कळलं नाही.

२७ मे

याडीला — आईला — जांब पटत नाही. ती आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलते, मी इथं मराठीत उतरवतो. "विकत मिळतं ते अंगणात कशाला? चाराचं झाड लाव. माझा आजा बैलांवर मीठ वाहायचा, तेव्हा वाटेत चाराच्या झाडाखाली मुक्काम पडायचा. पोटात तेच, गाठीला चारोळी."

"मग तुझ्या आजानं एखादं लावलं का?"

"आम्ही कुठं लावत होतो? झाडं वाटेत भेटत होती."

चार हे रानातलं झाड. फार मोठं होत नाही, काटे नाहीत, कठीण जमिनीतच येतं. पण वाढ मुंगीच्या पावलाची, आणि रोप उपटून आणलं तर जगत नाही. सोटमूळ खोल जातं. तरी याडीनं रुपीची ती चारं वाळवून ठेवली आहेत. बी टाक म्हणते.

३ जून

विमलताई आल्या होत्या. आमच्या भागाच्या ग्रामसेविका. बायकांना निर्धूर चूल दाखवायला येतात, चहा आमच्याकडे घेतात. काजू लावू का म्हणून विचारलं. मासिकात चित्र पाहिलं होतं, बुटकं झाड, फळ अगदी हाताशी. हसल्या. "कोकणातलं झाड ते गुरुजी. आपल्याकडच्या उन्हात आणि थंडीत त्याचे हाल होतील." त्याऐवजी फालसा सांगितला. झुडूपच ते. दर हिवाळ्यात छाटायचं, उन्हाळ्यात आंबटगोड दाणे. काड्या आणून देते म्हणाल्या. डाळिंबही चालेल, पण त्याला बारीक काटे येतात. ते न्हाणीच्या मागं लावा, तिच्या वाटेत नको.

जाताना रुपीजवळ बसल्या. तिची पाटी पाहिली. "अक्षर छान आहे ग तुझं," म्हणाल्या.

६ जुलै

लावली. नेरहून जांब आणले, ओल्या तरटात गुंडाळून, मोटारीत मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, "लेकरू आहे का?" मी हो म्हटलं.

जांब ओट्यासमोर. सीताफळं कुंपणाला. डाळिंब न्हाणीमागं. फालशाच्या काड्या ओट्यालगत. मधे याडीनं स्वतः चाराचं बी पुरलं, वर काटकीची खूण. रुपी प्रत्येक खड्ड्याशी सरकत आली आणि हातानं माती लोटली. कोपरापर्यंत चिखल. सुखी म्हणाली, "आंघोळ आता तुमीच घाला इले." पण हसत होती. खूप दिवसांनी.

१९ ऑगस्ट

बकऱ्या शिरल्या. फुलसिंगच्या. फालसा बुडखापर्यंत खाल्ला, एका जांबाचा शेंडा नेला. सीताफळाला खरंच तोंड लावलं नाही. मी शाळा सोडून धावत आलो तोवर फुलसिंग स्वतःच काट्या आणून कुंपण बांधत होता. मला भांडायचं होतं. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "रुपीनं मले आवाज देल्ला," म्हणाला. "ओट्यावरून गोटे मारत होती बकऱ्याईले. नेम चांगला आहे पोट्टीचा."

४ एप्रिल १९५९

विहीर तळाला गेली. सुखी नदीतल्या झिऱ्यावरून पाणी आणते. दोन खेपा घरच्या, त्यात माझी झाडं. आज घागर उतरवली आणि तिथंच बसली.

"झाडं तुमी लावले. पानी कोन घालते?"

"मी घालतो संध्याकाळी."

"घालनं म्हंजे ओतनं. आननं कोन आनते?"

खरं होतं. मी म्हटलं, उद्यापासून मी आणतो. "मास्तर डोक्यावर घागर घेऊन जाईल अन् तांडा मले हासन," म्हणाली. भांडण नव्हतं ते. दमलेली होती. मी झाडांकडे पाहत बसलो. सगळी जगणार नाहीत. कोणतं सोडायचं? जांब सोडवत नाही. डाळिंबाला कळी आहे. चाराचं तर बोटभर रोप, पण ते सोडलं तर याडी माझ्याशी बोलायची नाही.

७ एप्रिल

रुपीनं तोड काढली. मला कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही. आंघोळीचा दगड न्हाणीतून बाहेर निघाला आहे. सुखी तिला रोज वेगळ्या झाडाच्या बुडाशी बसवून आंघोळ घालते. आज दुसऱ्या जांबाशी. "उद्या चाराची पाळी आहे," रुपी म्हणाली. साबण लावू देत नाही. झाडाला चालत नाही म्हणे.

१२ मे

बाहेर काहिली. जांबाची पानं करपली, पण खोड आतून हिरवं आहे. रोज नखानं खरवडून पाहतो. सुखी म्हणते, तुमच्या नखानंच मरन ते.

३० जानेवारी १९६०

डाळिंब फुटलं. एकच फळ, ते उकललं आणि मुंग्यांनी खाल्लं. रुपीनं तरी तोडलं. मुंग्या झटकून अर्धं याडीला दिलं.

११ जून १९६०

बदली. ढाणकी.

कुठं दारव्हा, कुठं ढाणकी. जिल्ह्याचं दुसरं टोक. पुसदला गाडी बदला, उमरखेडला बदला. दिवस जातो. अर्ज केला, कचेरीत उभा राहिलो. साहेब म्हणाले, नवं राज्य झालं, नवी कामं, सगळ्यांच्याच बदल्या आहेत गुरुजी. मुलीचं सांगितलं. ते मवाळ झाले. बदली तीच राहिली.

सगळ्यांना नेता येत नाही. याडी हलायची नाही. रुपीची शाळा इथं, गावात सातवीपर्यंत आहे, सुतारानं तिला चाकांची फळी करून दिली आहे आणि नाल्यापर्यंत ती स्वतः हातानं रेटत जाते. तिथून पलीकडे सुखी उचलते. ढाणकीला कोण, काय? मी एकटाच जाईन.

आणि झाडं आत्ता कुठं धरू लागली आहेत.

२ जुलै १९६०, ढाणकी

शाळा बरी. खोली बरी. मी बरा नाही.

१७ जुलै, ढाणकी

संध्याकाळी गावात फिरतो. लोकांची अंगणं पाहतो. एका घरी जांब होता, छाटलेला नाही, कौलांच्या वर गेलेला. पोरं काठीनं पाडत होती. आपला शेंडा कोण खुडतं? पावसाळ्यात वाढ जोरात असते. घरी पत्र टाकलं: शेंडे खुडा. रुपीकडूनच उत्तर आलं, सगळ्यांची खुशाली, शेंड्याबद्दल एक अक्षर नाही.

२३ ऑक्टोबर १९६०

दिवाळीला घरी आलो. जांब माझ्या डोक्याच्या वर. पिशवी ठेवली, कोयता मागितला. सुखी म्हणाली, आधी पानी तर प्या.

शेंडा उडवला. दुसऱ्याचाही. रुपी फळीवरून आली, चाकं खडखडत.

"काहून तोडून राह्यले?"

"तुझ्या हाताले लागावं म्हून."

"तुमी मले विचारलं का?"

"तुझ्यासाठीच तर लावलं ना बाई."

"मंग मले विचारा ना. त्याले जिथवर जायाचं आहे तिथवर जाऊ द्या. त्याचे पाय कुठं गेलेत?"

माझा हात थांबला, पण मी सगळे शेंडे काढले. मी बाप आहे, पुढचं मला दिसतं. उद्या आम्ही नसू तेव्हा तिला काही तरी हाताशी पाहिजे. फळ तोडील, दारात बसून विकील, कोणापुढं हात पसरावा लागणार नाही. तेवढ्यासाठी बाग बुटकीच राहिली पाहिजे. हे तिला कसं सांगू? दहा वर्षांच्या पोरीला, आम्ही नसू तेव्हा, असं म्हणायचं?

२५ ऑक्टोबर

रुपी बोलत नाही. सुट्टी संपली.

९ डिसेंबर १९६१

जांबाला फळं आली! सुखीनं शेजारच्या माणसाबरोबर टोपलीभर पाठवली, ढाणकीपर्यंत. अर्धी वाटेत पिकून नरम झाली. शाळेतल्या सगळ्या मास्तरांना वाटली. कोणती जात, कुठून आणली, किती उंच — सगळं सांगत राहिलो. लोक खाऊन निघून गेले, मी सांगतोच आहे.

१६ फेब्रुवारी १९६२

याडी गेली. निरोप पोचला तोवर सगळं झालं होतं. रुपीनं सांगितलं, शेवटच्या दिवशी तिला खाटेसकट चाराच्या रोपाजवळ नेलं होतं. रोप अजून गुडघ्याएवढंच. याडी त्याला म्हणाली, "बस, भाया, दमलास."

४ नोव्हेंबर १९६२

सीताफळांचा हंगाम. कुंपणाच्या फांद्या जमिनीला टेकल्या आहेत. रुपी फळीवर बसून कुंपणाकडेनं जाते, डोळे फुगलेली फळं ओळखून तोडते, मांडीवर घेते. कोळशाच्या रेघेची आता कोणाला आठवण नाही, रुपीचे हात तिच्यापेक्षा कितीतरी वर जातात. खांदे रुंद झाले आहेत तिचे. जे मनात होतं ते अगदी तसं झालं. ओट्यावर बसून मी पाहत होतो, आणि मन भरून यायला पाहिजे होतं.

तांड्यातली पोरं येतात. ती फुकट देत नाही. फळ मागितलं की विचारते, "नदीवरचा पूल कुठवर आला? छोट्या रेल्वेगाडीचं इंजिन पाह्यलं का? यवतमाळात सिनेमाच्या घराले किती दारं आहे?" ज्याची बातमी नवी, त्याला मोठं फळ. खोटं बोललेलं ओळखते.

"तू खात नाहीस का?" मी विचारलं.

"खाते ना." मग थोड्या वेळानं, "रोज तेच आहे, बा."

हे मला टोचलं. एवढी वर्षं, एवढं पाणी.

५ नोव्हेंबर

रोज तेच आहे. जेवण, शाळा, तांडा, मीसुद्धा. काय पाहिजे तिला? विचारलं नाही.

१८ ऑगस्ट १९६३, ढाणकी

पाऊस थांबत नाही. शाळा गळते. घरून पत्र नाही. जांब छाटायचा राहिला या खेपेला. दोनदा छाटल्यापासून तो सरळसोट वर जात नाही, पण गुडघ्याएवढ्या उंचीपासून चहूकडे जाड फांद्या टाकल्या आहेत, जिन्यासारख्या एकावर एक. मारोतराव म्हणाले होते तसंच. चांगलं झाड निवडलं. एवढं तरी माझं बरोबर आलं.

२९ फेब्रुवारी १९६४

होळीला घरी. तांड्यात रात्रभर गाणी, सकाळी रंग. दुपारी विमलताई आल्या. केस पांढरे झाले त्यांचे. सुखीनं जांब चिरून, मीठ लावून दिला. रुपी ओट्यावर दुसरा जांब सोलत होती.

"रुपी सातवी पास होणार," विमलताई म्हणाल्या. "पहिल्या नंबरानं, असं तिचे गुरुजी म्हणतात. पुढं काय?"

"पुढं काय म्हणजे?"

"यवतमाळला मुलींची शाळा आहे. वसतिगृह आहे. मी बोलून ठेवलं आहे, तुमची हरकत नसेल तर."

मी म्हटलं, तिची सोय मी करून ठेवली आहे. बाग आहे, घर आहे. मी पेन्शनीत आलो की इथंच.

"बाग तुम्ही लावली, गुरुजी. तिला काय पाहिजे ते विचारलं?"

दुसऱ्यांदा ऐकलं हे आयुष्यात. राग आला. मी विचारलं, वसतिगृहात मुली झोपतात कुठं? त्या खरं बोलल्या. वरच्या मजल्यावर.

"मग? कोण उचलून नेईल तिला? रोज? रात्री खाली यायचं झालं तर? तिथल्या पोरी हासतील, मग कंटाळतील, मग कोपऱ्यात बसवून ठेवतील. मी मास्तर आहे, ताई. पोरं कशी असतात मला माहीत आहे."

सुखी माझ्याकडे पाहत नव्हती. रुपीकडे पाहत होती. रुपीनं मान वर केली नाही. जांबाचं साल एका लांब पट्टीत निघालं, तेवढं तिनं केलं.

१ मार्च

ढाणकीला निघालो. रुपी दारापर्यंत आली नाही. उमरखेडच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना तेच शब्द पुन्हा पुन्हा — कोण उचलून नेईल. मी बरोबर बोललो. मग असं का होतं आहे? मोटारीत बसलो, उतरलो, पाणी प्यालो, परत बसलो. शेजारचा म्हणाला, "गुरुजी, काई हरवलं का?"

३ मे १९६४

सुट्टी लागली. न कळवता आलो. दुपारची वेळ, तांडा झोपलेला. अंगणात आलो तर सुखी जांबाखाली उभी, दोन्ही हात थोडे वर धरून, तोंड झाडाकडे. वाटलं, फळ काढते आहे. मे महिन्यात कसलं फळ?

"रुपी कुठं आहे?"

सुखी दचकली.

"बा, टोपी नवीन घेतली का?" डोक्यावरून आवाज आला.

पानांच्या दाटीत, माझ्या हातालाही लागणार नाही एवढ्या उंच, दुबेळक्यात बसली होती. पाय खाली लोंबत होते. मी ओरडलो. काय ते आठवत नाही. ती घाबरली नाही. एक हात वरच्या फांदीला, दुसरा खालच्या, मग अंग सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. फांदीवरून फांदीवर, फक्त हातांवर, खाली मातीपर्यंत. सुखीनं हात पुढं धरले होते, पण तिला लावले नाहीत.

"केव्हापासून?" मी सुखीला विचारलं.

"मागच्या पावसाळ्यापासून."

"मले सांगतलं काहून नाई?"

"तुमी खालच्या फांद्या तोडल्या असत्या."

मी ओट्यावर बसून राहिलो. त्यांनी चहा केला. ऊन उतरल्यावर रुपी फळी रेटत माझ्याजवळ आली. तळहातांवर सालीचा हिरवा रंग होता.

"बा," म्हणाली, "त्या वसतिगृहाले पायऱ्या किती आहे?"

मला माहीत नव्हतं. उद्या सकाळच्या छोट्या गाडीनं आम्ही दोघं मोजायला जातो आहोत.